भय, शरीर आणि मज्जासंस्था
(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)

 

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे गाढ झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि किल्लारी-सास्तूर परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे नवी झाली. परंतु वाचलेल्यांच्या शरीरात त्या पहाटेचे काय उरले, हे जाणण्यासाठी मज्जासंस्थेची ओळख हवी.

मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती मज्जासंस्था होते. मेंदूतून निघणाऱ्या १२ व मेरुरज्जूतून निघणाऱ्या ३१ मज्जातंतूंच्या जोड्या परिघीय संस्थेत येतात. हात उचलणे आपल्या इच्छेवर असते. हृदय, आतडी व ग्रंथी यांचा कारभार मात्र स्वायत्त मज्जासंस्था आपल्या आज्ञेविना पाहते. तिच्या दोन शाखा आहेत : अनुकंपी आणि परानुकंपी.

‘अनुकंपी’ या नावावरून करुणा आठवते. प्रत्यक्षात ही शाखा संकटकाळाची आहे. धोका जाणवताच ती हृदयाची गती वाढविते, श्वासनलिका रुंदावते, यकृतातील साखर रक्तात आणते, पचन मंदावते. तोंडाला कोरड पडते, घाम फुटतो, बाहुल्या विस्फारतात. अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनॅलिन स्रवते. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी शरीर क्षणात सज्ज होते. संकट टळल्यावर परानुकंपी शाखा हृदय संथ करते, लाळ व पाचकरस वाढविते, शरीराला विसावा देते. तिचे बरेचसे काम व्हेगस या दहाव्या मज्जातंतूमार्फत चालते.

परंतु भीषण आपत्तीनंतर काहींच्या शरीरात हा इशारा थांबतच नाही. भांडे पडले तरी छातीत धडधडते, रात्री दचकून जाग येते, अन्न पचत नाही. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्यांनी नांदेडही हादरले. असा सौम्य धक्काही जुने भय पुन्हा जागे करू शकतो. अशा माणसाला आपण ‘भित्रा’ म्हणतो, ‘मन घट्ट कर’ असे सांगतो. हा त्याच्यावर अन्याय आहे. स्वायत्त मज्जासंस्था आज्ञा ऐकत नाही. ती केवळ सुरक्षिततेचा अनुभव ओळखते.

तिच्यापर्यंत पोहोचण्याचे एक दार मात्र आपल्या हाती आहे, ते म्हणजे श्वास. श्वास सावकाश सोडताना व्हेगसचा प्रभाव वाढतो आणि हृदयाची गती उतरते. नियमित झोप, वेळेवर आहार आणि आपुलकीची सोबत यांचाही लाभ होतो. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. निवारा, शाळा आणि ठरलेली दिनचर्या यांचे मोल केवळ शिक्षणापुरते नसते. भेदरलेल्या शरीराला त्यातूनच हळूहळू निर्धास्तपणा लाभतो.

लक्षणे महिनाभरानंतरही टिकली, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. उपचारांनी हा त्रास कमी होतो. आपल्या घरात असे कोणी असेल, तर त्याला उपदेश करण्याआधी त्याच्याजवळ शांतपणे बसावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.