मोटरच्या चाकाचा आऊट

आज सायकलीवर बोलायचं आहे, म्हणजे खरं तर तिच्या एका चाकावर. ज्याच्या मधोमध विजेची मोटर बसवलेली असते, ते चाक.

आम्ही चौघी गटातर्फे सायकल दुरुस्तीचं काम करतो. वाळूजला पाळीवर जाणाऱ्या बाया, डेअरीवर दुधाची कॅन पोचवणाऱ्या बाया जुन्या सायकलीला मोटरचं किट बसवून घेतात. त्यासाठी गटाचं कर्ज काढतात. पुढे आमच्याकडे येणारी तक्रार मोटरची क्वचित असते. "स्पोक तुटतात, चाक वळवळतं," हीच जास्त. एका ताईंची दुसरी पाळी सुटली, अर्ध्या रस्त्यात दोन स्पोक गेले, रिंग ब्रेकला घासून चाक अडकलं. रात्री बारापर्यंत त्या सायकल ढकलत घरी आल्या. विकणाऱ्यानं सांगितलं, जाड स्पोक टाका. आमचं म्हणणं आहे, जाडीच्या आधी ताण बघा.

बैलगाडीचं चाक तुम्ही पाहिलेलं आहे. त्यात तुंब्याखालचा आरा खांबासारखा उभा राहून ओझं पेलतो. सायकलीचा स्पोक बारीक तार आहे, तो खांब होऊ शकत नाही. तो ताणलेला असतो म्हणूनच चाक उभं राहतं. बाजेची दोरी आठवा. सगळीकडे सारखी ओढलेली असली तर चार माणसं बसतात. दोन पदर ढिले राहिले की बाकीच्यांवर ताण येतो आणि बाज झोळ खाते.

साध्या सायकलीत मागचं चाक चेन ओढते. इथं मोटर चाकाच्या पोटातूनच जोर लावते. ही कल्पना नवी नाही बरं का. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसानं १८९५ साली मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलीचं पेटंट घेतलं होतं. तर, ३६ स्पोकच्या चाकात निम्मे स्पोक एका दिशेला ओढतात, निम्मे उलट दिशेला. मोटर सुरू झाली की निम्म्यांचा ताण वाढतो, निम्म्यांचा उतरतो. जो आधीच ढिला आहे तो सैल पडतो, मग पुन्हा ताणला जातो. तार मागेपुढे वाकवून आपण तोडतो ना, तसं त्याचं होतं. म्हणून तो बहुधा मोटरजवळच्या वाकणाशीच तुटतो. नुसता जाड स्पोक घालून हे थांबत नाही. जाड तार ताणाखाली कमी लांबते, त्यामुळे रिंग थोडी दबली तरी ती लवकर ढिली पडते. शिवाय साध्या रिंगच्या भोकात तिचं निपल नीट बसत नाही.

चाक नव्यानं बांधताना मोटर आणि रिंग दोन्ही घेऊन दुकानात जा. दोन्हींची भोकं सारखी हवीत, ३६ ला ३६. मोटरचा घेर मोठा असतो, म्हणून जुने स्पोक लांब पडतात. नवे मापानंच घ्या. साध्या चाकात एक स्पोक बहुधा तीन स्पोकना ओलांडून जातो, इथं एकालाच ओलांडू द्या. तीन ओलांडले तर तो रिंगमध्ये फार तिरपा शिरतो आणि निपलपाशी वाकतो. स्पोकचं टोक निपलच्या बाहेर येता कामा नये, नाहीतर ट्यूबला भोक पाडतं. रिंगवरची रबरी पट्टी विसरू नका.

सगळी निपलं आधी सारखी बसवा. मग व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करून प्रत्येकाला अर्धा फेरा द्या. पूर्ण चक्कर झाली की पुन्हा अर्धा. एकच स्पोक आधी आवळून टाकायचा मोह होतो, तो टाळायचा. निपल कुठल्या बाजूला फिरवायचं यात सगळ्यांचा गोंधळ होतो. टायरच्या बाजूनं खाली बघा आणि बरणीचं झाकण लावतो तसं फिरवा, आवळतं.

आता आऊट काढणं. सायकल उलटी उभी करा. चिमट्याला झाडूची काडी बांधा, टोक रिंगच्या अगदी जवळ ठेवा आणि चाक हळू फिरवा. रिंग काडीला जिथं घासते, तिथं खडूची खूण करा. रिंग डावीकडे आली असेल तर त्या जागचा उजवा स्पोक पाव फेरा आवळा, डावा पाव फेरा ढिला करा. पावच फेरा. ज्या जागी रिंग बाहेर, उंच आली असेल तिथं दोन्ही बाजूंचे स्पोक थोडे आवळा. एटीएम कार्डाच्या जाडीएवढा फरक उरला तर पुरे. पुढे ब्रेकला घासत नाही.

रिंग सरळ झाली म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. सरळ दिसणाऱ्या चाकातही एक स्पोक कडक आणि शेजारचा सैल असू शकतो. नखानं एकेक वाजवा. एका बाजूच्या सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा. मागच्या चाकात फ्रीव्हीलकडचे स्पोक जास्त ताणलेले असतात, त्यांचा सूर चढाच लागणार. त्यांची तुलना दुसऱ्या बाजूशी करू नका. आमच्यात भजनाला पेटी वाजवणारी एकजण आहे, तिचा कान या कामात आम्हा तिघींपेक्षा पुढे आहे! मग समांतर जाणारे दोन-दोन स्पोक मुठीत धरून दाबा. पिळलेली तार कटकट करत मोकळी होते. त्यानंतर आऊट पुन्हा बघा, थोडा परत आलेला असतो.

चाक बसवताना मोटरचा आस बघा, तो दोन बाजूंनी चपटा असतो. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा हा आस उलटा फिरू पाहतो. त्याला अडवणारी पोलादी पट्टी किटमध्ये असते. नसेल तर मागून घ्या. पट्टीशिवाय आस खाचेत फिरला तर वायर पिळून तुटते आणि पुढचं चाक निसटूही शकतं. वायर आसातूनच बाहेर येते, तिला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत न जाता ठिबकून जाईल.

किट घेताना मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे ना, याचं चाचणीचं प्रमाणपत्र मागा. या मर्यादेतल्या मान्यताप्राप्त सायकलीला लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. पण एवढ्या मोटरवर दौलताबादहून खुलताबादचा घाट नुसतं बसून चढायचा म्हटलं तर मोटर तापते. तिथं पायडल मारायचंच.

नव्या चाकाचे स्पोक पहिल्या काही दिवसांत ढिले पडतात. पन्नासेक किलोमीटर झाले की ते वाजवून बघा, पुढे महिन्यातून एकदा. दुधाची कॅन लावत असाल तर पंधरा दिवसांनी. पाना लहानसा असतो, गटात एक घेतला तरी सगळ्यांना पुरतो.