डोंगरातल्या कलेला आश्रय कोणाचा?



कला आश्रयावाचून टिकत नाही, हे आपल्या इतिहासाने वारंवार दाखविले आहे. राजवाडा होता तेथे राजाश्रय होता, मोठे देवस्थान होते तेथे त्याचे उत्पन्न होते. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील डोंगरवाड्यांच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. ठाकरांचे कांबड नृत्य, लग्नातील गाणी, कातकऱ्यांचे रानाविषयीचे ज्ञान हे सारे वाडीनेच जपले. तेथे कलावंत आणि आश्रयदाता वेगळे नव्हते. जो नाचे तोच दुसऱ्या दिवशी रानात मोळी बांधे.

आश्रय मिळाला की काय घडते, याचे उदाहरण सिंधुदुर्गात आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकरांच्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या कलांना सावंतवाडी संस्थानाचा आधार होता. संस्थान गेले, आधार सुटला, आणि ही कला विस्मरणाच्या काठावर आली. तेव्हा परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि घरातील पुढच्या पिढीला कला शिकविली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान उशिरा आला; पण तोवर एका कुटुंबाने दिवा विझू दिला नव्हता.

उत्तर कोकणातील ठाकरांकडेही जाणत्यांचे लक्ष गेले होते. ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. गो. नी. दांडेकरांनी कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांवर ‘जैत रे जैत’ ही कादंबरी लिहिली. उषा मंगेशकर यांनी तिच्यावरील चित्रपटाच्या निर्मितीचा भार उचलला, डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शन केले, आणि ना. धों. महानोरांची गीते हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीताने १९७७ पासून घरोघरी पोहोचली. हाही आश्रयच होता, आणि तो मोलाचा होता. तथापि एक प्रश्न उरतो. ही गीते ज्यांना मुखोद्गत आहेत, त्यांपैकी कितीजणांनी ठाकरवाडीचे स्वतःचे गाणे वाडीत बसून ऐकले आहे?

आज कर्जतच्या आसपास फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभी आहेत. एखाद्या संध्याकाळी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी नाच बोलावला, तासाभराचे पैसे हातावर ठेवले आणि नाचणाऱ्यांची नावेही विचारली नाहीत, तर तो केवळ व्यवहार झाला. आश्रयदाता कलावंताचे नाव जाणतो, त्याच्या सवडीने जातो, आणि त्याच्या मुलाने ती कला शिकावी म्हणून खर्च करतो.

या कामाला मुदत आहे, हे खालापूरने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ताच राहिली. ती ठाकरांची वाडी होती. वर जायला गाडीरस्ताही नव्हता. मदत पथकांना चिखलातून डोंगर चढावा लागला. वाचलेल्यांसाठी सिडकोने चौकजवळ पक्की घरे बांधली, ते आवश्यकच होते. परंतु घर पुन्हा बांधता येते. आजीच्या कंठातील गाणे कोणी शिकून घेतले नसेल, तर ते तिच्याबरोबरच जाते. लिहून न ठेवलेल्या परंपरेत प्रत्येक वृद्ध माणूस हाच एक ग्रंथ असतो.

कॅनडातील बान्फ येथे पर्वतीय जीवनाला वाहिलेला चित्रपट महोत्सव १९७६ पासून भरतो आणि त्यामागे देणगीदार उभे असतात. आपल्याकडे डोंगर आहेत, कला आहे, देणारे हातही आहेत. उणीव आहे ती सातत्याची. त्यासाठी मोठी इमारत नको. एका मंडळाने एक वाडी निवडावी. तेथील जाणत्या स्त्री-पुरुषांची गाणी त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावीत आणि त्याची एक प्रत वाडीतच ठेवावी. शिकविणाऱ्याला मासिक मानधन द्यावे. ढोलकीचे कातडे फाटले तर ते बदलण्याचा खर्च उचलावा. कार्यक्रम ठरला तर पत्रिकेवर कलावंतांची नावे आधी छापावीत, देणगीदारांची नंतर. काय दाखवावे आणि काय देवापुढेच राहावे, हा निर्णय मात्र वाडीचा असावा.

दान देणाऱ्याचा हात वर असतो, असे म्हणतात. डोंगरवाडीत ते खरे ठरत नाही. तेथे देणारा उंबऱ्याशी बसून ऐकणारा असतो, आणि पैशाने घेता येत नाही असे काहीतरी घेऊन तोच उतरतो. येत्या पावसाळ्यापूर्वी एक वाडी, एक जाणता, एक विद्यार्थी, इतका संकल्प प्रत्येक मंडळाने केला, तरी कर्जत-खालापूरच्या डोंगरांना आश्रय मिळाला असे म्हणता येईल.