अक्षरांनी उभे राहिलेले गाव

मंडळी, आज आम्ही तुम्हाला एका लहानशा गावाची हकिकत सांगणार आहोत. गाव फार दूर आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तिथे टुलेरी जिल्ह्यात ते वसले आहे. गावाचे नाव ॲलन्सवर्थ.

या गावाला स्वतःची नगरपालिका नाही. आपल्याकडे एखादी वाडी असते, पण ग्रामपंचायत दुसऱ्याच गावात असते ना, तसाच प्रकार. कारभार जिल्ह्यावरून चालतो.

ज्यांनी हे गाव वसवले, त्यांचेच नाव गावाला मिळाले. ॲलन ॲलन्सवर्थ १८४२ साली केंटकी राज्यात जन्मले. आई गुलाम, म्हणून मूलही गुलाम. त्या काळी तिथे काळ्या माणसांची गुराढोरांसारखी खरेदी-विक्री चाले. हा पोरगा मालकाच्या मुलाबरोबर शाळा-शाळा खेळता खेळता अक्षरे शिकला. ही गोष्ट फुटली. मग काय झाले? बारा वर्षांच्या पोराला आईपासून तोडून दूर धाडून दिले! गुलाम वाचू लागला तर मुठीत राहणार नाही, हे मालकांना पक्के ठाऊक होते.

पुढे गुलामगिरीवरून अमेरिकेत मोठी लढाई जुंपली. १८६२ साली ॲलन पळाले आणि उत्तरेच्या फौजेला मिळाले. नंतर ते आरमारात गेले, शिक्षक झाले, पलटणीत धर्मोपदेशक झाले. १९०६ साली निवृत्त झाले तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते. त्या हुद्द्यावर पोचलेले ते पहिले काळे गृहस्थ.

पण ते घरी बसले नाहीत. आपल्या लोकांची स्वतःची जमीन असावी, कुणापुढे मान खाली घालावी लागू नये, असे त्यांच्या मनात होते. चार सोबती घेऊन त्यांनी १९०८ साली रेल्वेच्या कडेला हे गाव वसवले. १९१२ साली शाळा बांधली. १९१३ साली ग्रंथालय उघडले. त्याला जागा दिली जोसेफिनबाईंनी, म्हणजे कर्नलसाहेबांच्या पत्नीने. साहेबांनी आपली पुस्तके दिली. पाहा, गाव केवढेसे, पण ग्रंथालय आधी!

मग घात झाला तो पाण्याचा. जमीन विकणाऱ्या कंपनीने भरपूर पाणी देण्याचे कबूल केले होते. ते काही मिळेना. गावकरी भांडले, पाण्याचा कारभार त्यांनी आपल्या हाती घेतला, तरी पाणी पुरेना. १९१४ साली रेल्वेने आपला व्यवहार शेजारच्या गावी नेला. त्याच साली कर्नलसाहेब मोटारसायकलच्या अपघातात वारले. हळूहळू माणसे पोटासाठी बाहेर पडली. १९६६ साली तर तिथल्या पाण्यात सोमल नावाचे विष सापडले.

तरी गाव मेले नाही. पुढे सरकारने जुनी शाळा, ग्रंथालय, घरे नीट करून जपली. आज तिथे काही शेकडा लोक राहतात. बरेचसे मेक्सिकोकडून आलेल्या घराण्यांतले शेतमजूर आहेत. २०२३ च्या मार्चमध्ये पूर आला, तेव्हा ते कुणाच्या हुकुमाची वाट पाहत बसले नाहीत. माती आणि वाळूची पोती टाकून त्यांनी स्वतः पाणी अडवायची धडपड केली.

मंडळी, अक्षरांनी हे गाव उभे केले आणि पाण्यावाचून ते खचले. म्हणून आमचे एकच सांगणे आहे. ज्या अक्षरांपायी त्या पोराची आई तुटली, ती आज तुमच्या हाती आली आहेत. तेव्हा पहिल्याने आपल्या वाडीच्या पाण्याचे कागद काढा. विहीर कुणाच्या नावावर आहे? नळाच्या योजनेत काय कबूल केले आहे? ते स्वतः वाचा. एकट्याला उमगले नाही तर पारावर चौघांत बसून वाचा. आणि कबूल केलेले मिळत नसेल, तर अर्ज लिहा. खाली अंगठा नको, सही करा.