खडकांची साक्ष

साखरेचा पाक चुलीवर असतांना तो किती तापला हें पाहण्यासाठीं कोणतीहि सुगरण तापमापक यंत्र मागत नाहीं. पाक एकतारी आहे, दोनतारी आहे कीं गोळीबंद झाला, एवढें पाहिलें कीं तिला चुलीची सारी हकीकत कळते. पृथ्वीच्या पोटांतील उष्णता जाणण्याची भूगर्भशास्त्रज्ञांची युक्ति बरीचशी अशाच प्रकारची आहे. फरक एवढाच कीं, त्यांची चूल कोट्यवधि वर्षांपूर्वीं निवालेली असते आणि तिच्याजवळ कोणीहि कधीं गेलेला नसतो.

समुद्राच्या तळाशीं सांचलेला चिखल दबून प्रथम मऊ खडक बनतो. पर्वत निर्माण होतांना तो खोल गाडला गेला, म्हणजे वरच्या थरांचा भार आणि आंतील उष्णता यांमुळें त्याचें रूप पालटतें. तो वितळत नाहीं. घन स्थितींतच त्यांतील जुनीं खनिजें मोडून नवीं तयार होतात. अशा खडकांस रूपांतरित खडक म्हणतात. एके काळीं प्रत्येक मुलाच्या हातांत असणारी दगडी पाटी ही या स्थित्यंतराची पहिली पायरी होय.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाची पाहणी करणारे जॉर्ज बॅरो यांनीं १८९३ सालीं असें दाखवून दिलें कीं, मूळचा चिखल एकाच जातीचा असूनहि एका दिशेनें चालत गेल्यास खडकांत ठराविक क्रमानें नवीं खनिजें दिसूं लागतात. हा क्रम १९२५ सालीं सेसिल टिली यांनीं पुरा केला. प्रथम हिरवट क्लोराइट, मग काळें अभ्रक, मग तांबडें गार्नेट, त्यापुढें स्टॉरोलाइट, कायनाइट आणि शेवटीं सिलिमनाइट, असा हा चढत्या उष्णतेचा जिना आहे. ती उष्णता ग्रॅनाइटच्या तप्त रसापासून आली, असें बॅरो मानीत. सुमारें ४७ कोटी वर्षांपूर्वींच्या पर्वतनिर्मितींत हे थर खोल गाडले गेले, हें तिचें मुख्य कारण आज मानलें जातें. कारणाची उपपत्ति बदलली. नकाशावरील क्रम मात्र टिकला.

उष्णतेप्रमाणें दाबाचीहि साक्ष मिळते. अँडालुसाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट हीं तिन्ही खनिजें अल्युमिनियम, सिलिकॉन व ऑक्सिजन यांचीं, आणि तींहि एकाच प्रमाणांत बनलेलीं. भेद केवळ अणूंच्या मांडणीचा. दाब कमी असेल तर अँडालुसाइट, दाब वाढला तर अधिक दाट रचनेचें कायनाइट, आणि उष्णता फार वाढली तर सिलिमनाइट. सुमारें ५०० अंश सेंटिग्रेड उष्णता आणि वातावरणाच्या सुमारें ४,००० पट दाब, म्हणजे जवळजवळ १४ ते १५ किलोमीटर खोली, या एकाच स्थितींत तिघांनाहि एकत्र नांदतां येतें. हीं खनिजें परदेशींच आढळतात असें नव्हे. कायनाइट आणि सिलिमनाइट आपल्या भंडारा जिल्ह्यांतहि सांपडतात.

येथें एक शंका सहज उद्भवेल. खडक वर येतांना पुन्हा थंड होतो, मग त्याला पूर्वरूप कां येत नाहीं? याचें उत्तर पुन्हा पाकांतच आहे. गोळीबंद पाक नुसता निवल्यानें पातळ होत नाहीं. त्यांत पाणी घालावें लागतें. खडक तापतांना त्याच्या खनिजांतील पाणी निसटून जातें. परतीच्या वाटेवर तें मिळत नाहीं आणि थंडीमुळें रासायनिक क्रियाहि मंदावते. भेगांतून पाणी शिरलें तेथेंच काय तें थोडें पूर्वरूप येतें. परतीचा मार्ग असा बंद झाला नसता, तर पुरावा उरलाच नसता.

गार्नेटचा खडा तर साऱ्या प्रवासाची नोंद ठेवतो. तो थरावर थर चढून वाढतो. मध्यभागीं मँगॅनीज अधिक असतें आणि कडेकडे तें कमी होत जातें. वाढतां वाढतां तो शेजारच्या खनिजांचे कण पोटांत घेऊन जपून ठेवतो.

या जपणुकीचें मोल १९८४ सालीं कळून आलें. लोरिंग कोस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनीं १९५३ सालीं गारगोटीच्याच द्रव्यावर प्रचंड दाब देऊन एक अधिक घन खनिज प्रयोगशाळेंत बनविलें होतें. त्यास कोसाइट म्हणतात. तेंच खनिज क्रिस्त्यां शोपँ या फ्रेंच शास्त्रज्ञांना इटलींतील आल्प्स पर्वताच्या डोरा मैरा भागांत गार्नेटच्या पोटांत सांपडलें. त्याच वर्षीं नॉर्वेमध्येंहि तें आढळल्याचें प्रसिद्ध झालें. भूखंडांचे हलके थर इतके खोल जाणार नाहींत, अशी तोंवर सर्वसाधारण समजूत होती. परंतु डोरा मैराचा खडक सुमारें १०० किलोमीटर खोल जाऊन परत आला होता. वर येतांना कोसाइटचा बराच भाग पुन्हा गारगोटी बनून फुगला, आणि त्या फुगण्यानें गार्नेटला चोहोंकडे तडे गेले. तरीहि तडकलेल्या त्या खड्यानें आंतील चार कण सांभाळले, आणि तेवढ्या कणांपुढें शास्त्रज्ञांना आपली समजूत सोडून द्यावी लागली.