फट, वारा आणि चिकटपट्टी



ग्लायडरच्या फटी बुजवायची चिकटपट्टी हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. पण ही नारायण पेठ आहे. छापखान्यांनी आणि बाइंडिंगवाल्यांनी येथली कित्येक घरे चालवली. खळ किती दाट हवी यावर पुस्तकाचे आयुष्य ठरते, हे येथे कुणाला शिकवावे लागत नाही. पतंगाला खळ जास्त झाली की तो उडत नाही, हे तर पोरांनाही कळते.

हडपसरच्या मैदानावर उडालेली ग्लायडरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. ग्लायडरला इंजिन नसते. विंचच्या दोराने त्याला वर ओढतात, दोर सुटला की पुढचा सारा कारभार वाऱ्याशी. आपल्याच देशात आखलेले ‘रोहिणी’ ग्लायडर 1961 साली प्रथम उडाले. ते लाकडाचे, दोघांनी शेजारी शेजारी बसायचे. त्या काळची लाकडी ग्लायडरे एक किलोमीटर उंचीवरून साधारण वीस किलोमीटर जात. आजची काचतंतूची चाळीसच्या पुढे जातात. हे यश मुख्यतः पंखाच्या आकाराचे आणि गुळगुळीतपणाचे आहे; पण अशा गुळगुळीत पंखात फट राहिली की ती फार महागात पडते.

कारण सोपे आहे. पंखाखाली हवेचा दाब अधिक असतो, वर कमी. फट मिळाली की खालची हवा तिच्यातून वर घुसते आणि वरचा शांत प्रवाह विस्कटून टाकते. जुन्या वाड्यात दाराच्या एवढ्याशा फटीतून शीळ घालीत वारा येतो, तसाच हा प्रकार. मोठी फट असते पंख आणि धड यांच्या सांध्यात, कारण ग्लायडर वाहून नेताना पंख काढतात आणि मैदानावर पुन्हा जोडतात.

या सांध्याला पट्टी कोणती लावावी? कापडी पट्टी बळकट खरी, पण जाड. तिची कडाच वाऱ्याला अडखळवते, आणि उन्हात राहिली तर तिचा डिंक रंगाला चिकटून बसतो. कागदी पट्टी वळणावर बसत नाही, ओलाव्याने सुटते. म्हणून बहुधा पातळ, ताणली जाणारी, पांढरी पी.व्ही.सी.ची पट्टी वापरतात. तिला धरता यावे तसे सोडताही यावे, हा तिचा गुण. जागा आधी पुसून तेल-धूळ काढावी. पट्टी फार ताणू नये, आणि शेवटची दोन बोटे तर मुळीच न ताणता दाबून बसवावी. नाहीतर ती आखडते आणि टोक उचलते. एकावर एक पट्टी येत असेल तर कौलांचा नियम पाळावा: पुढची पट्टी मागचीवर यावी, म्हणजे वारा कडेखाली शिरत नाही. आणि पट्टी कात्रीने आधीच कापावी, पंखावर ठेवून चाकूने कधीही नाही.

हलणाऱ्या पात्यांची गोष्ट मात्र निराळी. तेथे आपली अक्कल चालवू नये. बिजागरीच्या फटीवरची पट्टी आखूड पडली तर पाते पुरते फिरत नाही. सुटून दुमडली तर अडकते. बिजागरीच्या मागे वजन वाढले तर पाते वेगात थरथरू लागते, आणि त्या थरथरीने पंख मोडू शकतो. म्हणून बनवणाऱ्याने पुस्तिकेत सांगितलेली पट्टी, सांगितलेल्या जागी, माहितगार माणसाने लावायची. मग पाते दोन्ही टोकांपर्यंत हलवून पाहायचे आणि वहीत सही करायची.

सहीचा विषय निघाला म्हणून सांगतो, माझे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर आणि खात्याच्या चौकश्यांत गेले. 2 ऑक्टोबर 1996 रोजी पेरू देशातील लिमाहून एरोपेरूचे बोइंग 757 रात्री निघाले. विमान धुताना-पुसताना हवेचा दाब मोजणाऱ्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती, ती तशीच राहिली. पट्टी रुपेरी, पत्र्याच्या रंगात मिसळून जाणारी. वैमानिकांना उंची खोटी दिसू लागली. त्यांनी खालच्या नियंत्रकाला विचारले. पण त्याच्या पडद्यावरचा उंचीचा आकडाही त्याच विमानाकडून येत होता! काळोख्या समुद्रात 70 माणसे गेली. न्यायालयात दोषी ठरला तो पट्टी लावणारा कामगार. त्याची चूक मी झाकत नाही. पण काम तपासणारा होता, उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरणारा वैमानिक होता, आणि भडक रंगाची पट्टी हाताशी ठेवणे हे कुणातरी वरिष्ठाचे काम होते. पट्टी निवडली कुणी, हा प्रश्न ती लावली कुणी याच्या आधी विचारायला हवा होता.

उलट उदाहरणही आहे. 1943 साली अमेरिकेत दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या वेस्टा स्टाउट या बाईंना दिसले, की पेट्यांवरची कागदी पट्टी ओढताना तुटते. त्यांची दोन मुले नौदलात होती. कारखान्यातल्या वरिष्ठांकडून काम होईना, तेव्हा त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहून कापडी पट्टी सुचवली, आणि ती तयार झाली.

ग्लायडरवरही दाब मोजायची अशीच भोके असतात, पाणी निथळायचीही असतात. ती उघडी आहेत ना, हे पट्टी लावणाऱ्याने बोट लावून पाहावे आणि दुसऱ्याने पुन्हा पाहावे. संध्याकाळी पट्टी काढताना ती पृष्ठभागाला लगटून सावकाश मागे ओढावी, सरळ वर नव्हे, रंग उचलतो. आणि निघालेले तुकडे सकाळी लावलेल्या तुकड्यांइतकेच आहेत ना, ते मोजून मगच पिशवीत टाकावेत.