फितीवरचा कामगार



रत्नागिरीने मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यानपिढ्या माणसे दिली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या माणसांची हलती चित्रे आज कितीशी उरली आहेत? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ पासून चालू होते; 'कामगार विश्व' नावाचा कार्यक्रमही त्यावर होई. परंतु फीत महाग. एक कार्यक्रम झाला, की पुष्कळदा तिच्यावरच दुसरा चढवीत. लंडनच्या बीबीसीनेही तेच केले. त्यात दुष्टावा नव्हता, काटकसर होती. पण काटकसरीची कात्री प्रथम कोणावर चालते, हे आम्हां चळवळीतल्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही.

सामान्य माणूसही संग्रह करू शकतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या एकेकाळच्या ग्रंथपाल बाईंनी २०१२ साली मृत्यू येईपर्यंत तीसहून अधिक वर्षे दूरचित्रवाणीवरील बातम्या घरी मुद्रित केल्या. सुमारे ७० हजार कॅसेटी जमल्या!

कोणी म्हणेल, आता डीटीएचच्या पेटीतच रेकॉर्डिंग होते, मग चिंता कसली? चिंता तीच आहे. पेटीतले मुद्रण बहुधा सांकेतिक कुलपात असते. ते त्याच पेटीवर दिसते. पेटी बिघडली, की संग्रह बुडाला. किल्ली दुसऱ्याच्या हाती असेल, तर ते कोठार आपले नव्हे.

म्हणून कपाटातील जुन्या कॅसेटी आधी बाहेर काढा. कोकणच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. तशी फीत यंत्रात घालू नका, यंत्रही बिघडते. जाणत्याकडून ती साफ करून संगणकावर उतरवून घ्या. दोन प्रती निराळ्या डिस्कवर, तिसरी निराळ्या गावी ठेवा. १९५७ चा कॉपीराइट कायदा खाजगी वापरासाठी प्रक्षेपण मुद्रित करू देतो. विक्रीची मुभा देत नाही. ती मर्यादा पाळावी.

आणि प्रत्येक प्रतीवर तारीख व माणसांची नावे लिहा. संपातले तरुण आज साठी-सत्तरी ओलांडून गेले आहेत. मोर्चातला चेहरा ओळखणारे तेच. या वैशाखात चाकरमानी घरी येतील, तेव्हा त्यांना पडद्यासमोर बसवा आणि नावे विचारून घ्या. मृग लागण्याआधी एवढे काम उरकावे, ही आमची विनंती.