धावणाऱ्याची भीड

प्रकृतीसाठी पहाटे धावावयास निघालेला मनुष्य पुष्कळदा दमण्याआधीच पारावरच्या नजरांनी थांबतो. 'या वयात हे काय?' हा प्रश्न कोणी विचारण्यापूर्वीच त्याला ऐकू येतो.

वस्तुतः एवढे लक्ष कोणाचे नसते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संकोच वाटेल असे चित्र छापलेला सदरा घालून विद्यार्थ्यांना इतरांसमोर पाठविण्यात आले. जवळजवळ निम्म्या लोकांनी चित्र पाहिले असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते सुमारे चौथ्या हिश्श्याच्याच ध्यानात आले.

फजितीचे दुसरे कारण वेग. नवखा मनुष्य आरंभीच जोरात सुटतो आणि लगेच धापा टाकू लागतो. बोलता येईल इतक्याच गतीने मिनिटभर धावावे, दोन मिनिटे चालावे. या क्रमाने दम टिकतो व संकोचही ओसरतो.

बारामतीच्या शर्यतीत साठीच्या घरातील लता करे पतीच्या उपचारांचा खर्च भागावा म्हणून नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्या जीवनावरील चित्रपट २०२० साली प्रदर्शित झाला. त्या गरजेपुढे भीड टिकली नाही.

इतरांची भीड सोबतीने मोडते. म्हणून शिक्षक व सरपंच यांनी आठवड्यातून एकदा तरी शाळेच्या मैदानावर स्वतः सावकाश धावावे. गावाला हसावयाचेच असेल, तर त्याने प्रथम त्यांना हसावे.